चौथीच्या पोरांना 'माहिती शोधा' म्हणायचं, पण नेमकी कुठे? भरवशाच्या साइट सुचवा

चौथीची_बाई
नमस्कार मंडळी. सातारा जिल्ह्यातली जिल्हा परिषदेची शाळा. तिसरी-चौथी एकत्र, वीस-बावीस पोरं. एक लॅपटॉप, लोकसहभागातून मिळालेला टीव्ही आणि माझा मोबाइल एवढीच साधनं. दिवाळीनंतर 'परिसरातले पक्षी' आणि 'आपलं गाव' असे दोन प्रकल्प घ्यायचेत.
प्रकल्प म्हटला की घरी दादाचा मोबाइल घ्यायचा आणि गूगलवर सगळ्यात वर जे येईल ते उतरवायचं, असं चालतं. मागे एकाने चिमणीवर दीड पान आणलं. अधिवास, प्रजाती, सगळं होतं. चिमणी काय खाते विचारलं तर गप्प! मराठी, फुकट, बिनजाहिरातीचं असं काही आहे का? दीक्षा हे सरकारी शिक्षण अ‍ॅप आणि पाठ्यपुस्तकांची ई-बालभारती माहीत आहे, त्यापलीकडचं सांगा.

खडूफळा
मराठी विकिपीडिया आहे की. अजून काय पाहिजे?

ग्रंथपाल_दादा
विकिपीडिया वाईट नाही, पण खेड्यांची पानं बरीचशी दोन-चार ओळींची आहेत. गावाच्या प्रकल्पाला हाती काही लागणार नाही.
बाई, आधी मराठी विश्वकोश उघडा. तुमच्याच जिल्ह्यात, वाईला घडलाय. सगळे खंड ऑनलाइन फुकट वाचता येतात. मुख्य कोशाची भाषा चौथीला झेपणार नाही, म्हणून त्याच साइटवर कुमार विश्वकोशाच्या 'जीवसृष्टी आणि पर्यावरण'मधल्या नोंदी बघा. त्याही मोठ्या मुलांच्याच आहेत, तेव्हा टीव्हीवर लावून तुम्ही वाचून दाखवा.
नोंद संपते तिथे लिहिणाऱ्याचं नाव असतं आणि 'पहा' म्हणून दुसऱ्या नोंदी दिलेल्या असतात. ती जागा पोरांना बोट ठेवून दाखवा. हे कोणी लिहिलं, असा प्रश्न त्यांना पडायला लागला की निम्मं काम झालं. आणि साल बघायला लावा. पहिला खंड १९७६चा. जुन्या नोंदीत शहराच्या लोकसंख्येपुढे कंसात १९७१ दिसेल. पोरं ती लोकसंख्या आजची म्हणून उतरवतात.

न्यूजर्सीकर_आई
इथे लेकीच्या शाळेत पहिली-दुसरीपासून पेबलगो नावाचा डेटाबेस वापरतात. पैसे भरून घ्यावा लागतो, इंग्रजीत आहे, तेव्हा तो घ्या असं सांगत नाही. त्याची मांडणी मात्र उचलण्यासारखी आहे. कुठलाही प्राणी काढा, तेच पाच कप्पे: शरीर, राहण्याची जागा, खाणं, जीवनक्रम आणि गमतीच्या गोष्टी. प्रत्येक कप्प्यात चार-सहा सोपी वाक्यं, बटण दाबलं की वाचूनही दाखवतं. पोरं भरकटत नाहीत, कारण भरकटायला जागाच नसते. तुम्ही कागदावर हेच पाच रकाने आखून दिलेत तर विश्वकोशाच्या लांबलचक नोंदीतूनही त्यांना नेमकं काय काढायचं ते कळेल.

खडूफळा
हे पटलं. गूगलवर शोधणं पोरांच्या हाती द्यायचंच नाही. बाईंनी पानं निवडायची, पोरांनी त्यात शोधायचं.

रानवाटा
पक्ष्यांसाठी ईबर्ड ही साइट. कॉर्नेलच्या पक्षी प्रयोगशाळेचा हा उपक्रम २००२पासून चालू आहे, जगभरचे लोक बघितलेल्या पक्ष्यांच्या नोंदी टाकतात. सातारा जिल्हा निवडला की पक्ष्यांची यादी येते आणि प्रत्येकापुढे बारा महिन्यांची पट्टी. जाड पट्टी म्हणजे त्या दिवसांत जास्त नोंदी, पट्टी नाही म्हणजे नोंदच नाही. वाचायला मजकूर जवळजवळ नाहीच, म्हणून चौथीला चालतं. ज्वारीवर भोरड्या कधी उतरतात हे तुमच्या पोरांना घरूनच ठाऊक असणार. आधी त्यांच्याकडून महिने वदवून घ्या, मग पट्टी दाखवा.
त्यांचंच मर्लिन अ‍ॅप आवाजावरून पक्षी सुचवतं. आपल्या भागातल्या पक्ष्यांचा पॅक आधी उतरवून ठेवला तर रेंज नसली तरी चालतं. पण ते फक्त सुचवतं, डोळ्यांनी बघितल्याशिवाय वहीत लिहू देऊ नका.
एक अडचण येईल. पोरं म्हणणार कुंभारकावळा किंवा कुक्कुडकोंबा, पुस्तकात असणार भारद्वाज. गावातलं नाव आणि पुस्तकातलं नाव असा तक्ता आधी फळ्यावर करा, नाहीतर 'काही सापडलं नाही' एवढंच हाती येईल.

चौथीची_बाई
रानवाटा, पट्टीची कल्पना फार आवडली. पाच रकानेही नक्की. पण गावाचं काय? आणि लॉगिन मागतात तिथे पोरांचं खातं काढायचं का?

केंद्रशाळा_सर
मुळीच नको. २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात अठराच्या आतला तो बालक, त्याची माहिती घ्यायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. तुमचं एकच खातं, तुमच्याच हातात. पोरांची नावं, फोटो कुठेही चढवू नका.
आणि गूगल हल्ली वरच यंत्राने लिहिलेलं तयार उत्तर देतं. मोठ्या भावाच्या मोबाइलवरून उतरवतात ते बहुतेक तेच. घरी शोधायला न देता वर्गातच शोधा, हा त्यातला त्यात बरा उपाय.

ग्रंथपाल_दादा
गावासाठी २०११ची जिल्हा जनगणना पुस्तिका घ्या. पूर्ण झालेली शेवटची जनगणना तीच. इंग्रजी आहे, पण पोरांना त्यातली एकच ओळ वाचायचीय, आपल्या गावाची. तालुक्याचं पान तुम्ही काढून ठेवा, ओळ त्यांना शोधू द्या. बुद्रुकचं 'बीके' आणि खुर्दचं 'केएच' केलेलं असतं, हे आधी सांगा. घरं किती, माणसं किती, बाया किती, सहा वर्षांपर्यंतची मुलं किती, सगळं ओळीत आडवं मिळतं. आजचा आकडा ग्रामसेवकांना विचारायला दोघा-तिघांना पाठवा आणि दोन्ही आकडे साल टाकून शेजारी लिहायला लावा.
जिल्ह्याची सविस्तर माहिती देणारी सरकारी गॅझेटिअरही ऑनलाइन आहेत, पण ते तुम्ही वाचा आणि आपल्या भागाचा एखादा परिच्छेद सोपा करून द्या.

चौथीची_बाई
ठरलं. चौथीला पक्षी, तिसरीला गावाची ओळ. पुस्तिकेची फाइल भलतीच जड असेल तर शाळेत उघडणार नाही, घरून उतरवून पेनड्राइव्हवर नेते. कोणाकडे सातारा जिल्ह्याची आधीच असेल तर निरोप टाका.