जुना २ बीएचके विकायचाय: मोझॅक काढून व्हिट्रिफाइड टाकावी का?

कर्वेनगरकर
पुण्यात कर्वेनगरला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट विकायला काढतोय. इमारत १९९३ची, लिफ्ट नाही. कारपेट ६५० चौ. फूट, बाथरूम-संडास सोडून फरशी साधारण ५६० फूट. दहा बाय दहा इंची मोझॅक लादी मूळचीच आहे. चमक गेलीय, हॉलमध्ये दोन लाद्या तडकल्यात आणि ओट्यासमोरच्या पाच-सहा चालताना वाजतात. ठेकेदाराने तीन आकडे दिलेत: जुनं उखडून २×२ व्हिट्रिफाइड १,८५,००० रुपये, लादीवर लादी १,१५,०००, नुसतं पॉलिश फुटाला २२ रुपये. एजंट म्हणतो नवी फरशी टाका, भाव तीन-चार लाखांनी चढेल. खरंच चढतो का?

दोन_टक्के
नव्या फरशीचा फ्लॅट दाखवायला सोपा जातो, म्हणून आम्ही एजंट लोक असं सांगतो. खर्च तुमचा, दलाली आमची.

१९९३च्या इमारतीत भाव ठरतो तो जागा, कारपेट, पार्किंग आणि लिफ्ट यांवर. रेडी रेकनरच्या (सरकारी दरपत्रकाच्या) हिशेबात इमारतीचं वय धरतात, फरशी कोणती ते कुणी विचारत नाही. बँकेचा व्हॅल्युअरही इमारतीचं उरलेलं आयुष्य पाहतो. फरशीची गंमत वेगळीच आहे. ती भाव वाढवत नाही, पण पाडायला हत्यार देते. दोन तडकलेल्या लाद्या दिसल्या की गिऱ्हाईक म्हणणार, "सगळी फरशीच बदलावी लागेल, दोन लाख कमी करा." म्हणजे तुम्हाला ते दोन लाख वाचवायचेत, चार लाख कमवायचे नाहीत. त्याला पॉलिश पुरतं. स्वतः राहायला येणारं गिऱ्हाईक असल्या जुन्या घरात तसंही आपल्या पसंतीने तोडफोड करतं, तुमची आयव्हरी टाइल त्याला नकोच असेल.

हॉलमध्ये नवी आणि बेडरूममध्ये जुनी, असं अर्धवट मात्र करू नका. दारात पायाला ठेच लागते आणि आत पैसे संपले होते हे कळतं.

पण आधी एक सांगा, सोसायटीत रीडेव्हलपमेंटची हालचाल आहे का? सहकारी संस्था कायद्याच्या ७९-अ कलमाखालची रीडेव्हलपमेंटची प्रक्रिया सुरू झाली असेल तर एक रुपयाही घालू नका. अशा वेळी घेणारा कारपेटचे फूट मोजतो.

गुण्या_ओळंबा
तिन्ही आकडे कामाच्या अंगाने बघू.

उखडणे: मोझॅक लादी जवळपास २२ मिमी, खाली ४०-५० मिमी वाळू-सिमेंटचा माल. ५६० फुटांचा राडारोडा सात टनांच्या आसपास भरतो, म्हणजे ३० किलोच्या २४० गोण्या, तुमच्याकडे तर जिन्याने उतरवायच्या. कोटेशनमध्ये "राडारोडा तळमजल्यापर्यंत" लिहिलंय की "महापालिकेने ठरवून दिलेल्या जागेपर्यंत", ते वाचा. भांडण तिथेच होतं. ब्रेकर लावला तर खालच्या घरातलं प्लास्टर सुटू शकतं. छिन्नी-हातोड्याने वेळ जास्त लागतो, धोका कमी.

लादीवर लादी: ९ मिमी टाइल आणि ३-४ मिमी ॲढेसिव्ह मिळून तळ १२-१३ मिमी वर येतो. मग सगळी दारं बिजागरीतून काढून खालून रंधायची. सेफ्टी डोअर लोखंडी असेल तर ते कापायचं कोण? बाथरूमचा उंबरा तेवढाच बुटका होतो. बाल्कनी हॉलपेक्षा खाली राहिली नाही तर पावसाचं पाणी आत. मोझॅकवर जुन्या पॉलिशचा मेणचट थर असतो, तो घासून काढून टाचे मारल्याशिवाय कुठलंही ॲढेसिव्ह धरत नाही. वाजणाऱ्या लाद्यांवर नवी टाइल बसवली तर तीही वाजणार. स्लॅबवर वजन चौरस मीटरला २५ किलोच वाढतं, धडधाकट स्लॅबला ते जड नाही.

साधी वाळू-सिमेंटची मळी वापरून व्हिट्रिफाइड बसवणारे मिस्त्री अजून आहेत. ही टाइल अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी पिते, त्यामुळे सिमेंट तिच्या पाठीत शिरत नाही. कोपरे पोकळ राहतात आणि जागा न सोडता चिकटून लावल्या असतील तर उन्हाळ्यात मधोमध तंबूसारख्या उठतात. दोन टाइलमध्ये फट ठेवणारा २ मिमी स्पेसर हवाच. पाठीवरची पांढरी पूड ओल्या फडक्याने पुसायची.

तरीही टाकायचंच ठरलं तर मोजणी अशी. ६०० मिमी म्हणजे पुरते दोन फूट नव्हेत. चार टाइलच्या पेटीत १६ नाही, १५.५ फूट बसतं. ५६० अधिक ८ टक्के तूट म्हणजे ३९ पेट्या, स्कर्टिंगला (भिंतीच्या पायथ्याच्या पट्टीला) पाच, एक शिल्लक. सगळ्या पेट्यांवर बॅच आणि शेड एकच हवी. २० किलोची ॲढेसिव्हची गोणी ३ मिमी थराला ५०-५५ फूट जाते, पण जुनी फरशी सपाट नसते, चौदा गोण्या धरा.

कर्वेनगरकर
रीडेव्हलपमेंटचा अजून विषयच नाही. मग पॉलिशच करू. तडकलेल्या जागी तशीच लादी मिळेल का? आणि पॉलिशवाल्याकडून काय काय करून घ्यायचं?

गुण्या_ओळंबा
बाजारात तीच छटा मिळणं कठीण. ओट्याखालच्या किंवा भिंतीतल्या कपाटाच्या तळाच्या लाद्या अलगद काढा, त्या मूळच्याच मालातल्या असतात. तिथे नवी कुठलीही टाका, कुणी वाकून बघत नाही. तडकलेल्या लादीचे सांधे आधी चार इंची ग्राइंडरने कापून घ्यायचे, नाहीतर शेजारच्या लादीची कड उडते. खालचा सुटा माल खरवडून १:४ माल, वर सिमेंटची मळी. लादी केसभर वर ठेवायची, पॉलिशमध्ये ती बरोबरीला येते. आठवडाभर तिच्यावर मशीन नको.

पॉलिशला ६० नंबरचा दगड, मग १२०. इथे थांबून फरशीच्या रंगाची सिमेंट-ऑक्साइडची मळी सांध्यांत आणि बारीक छिद्रांत भरायची, दोन दिवस ओली ठेवायची. मग २२०, ३२० आणि शेवटी ऑक्झॅलिक पावडर टाकून नमदा (लोकरीची जाड चकती) फिरवायचा. घाई करणारा ६० वरून थेट ३२० वर जातो, मग उजेडात तिरकं बघितलं की गोल ओरखडे दिसतात. भिंतीकडेची चार इंच मोठ्या मशीनला पोचत नाहीत, तिथे हातमशीन चालवायचं आधीच ठरवा. नाहीतर खोलीभर काळी चौकट उरते. डाग काढायला बाथरूमचं ॲसिड कुणी आणलं तर परत पाठवा, ते संगमरवराच्या चिप्स खातं.

नहाणी ट्रॅप (सांडपाणी जायचं तोंड) कापडाने बंद करा. पॉलिशचा चिखल बादलीत भरून न्यायचा. आत गेला तर पाइपमध्ये सिमेंटसारखा बसतो. मशीनला १६ अँपिअरचा पॉइंट लागतो. भिंतींना तीन फूट प्लास्टिक आणि रंगकाम पॉलिशनंतरच.

हिशेबनीस
करापुरतं. नवी फरशी घरातली सुधारणा म्हणून भांडवली नफ्यातून वजा मागता येते, बिल आणि बँकेतून दिलेले पैसे असतील तर. पॉलिश ही दुरुस्ती, ते वजा होणं अवघड. पण १,८५,००० वजा झाले तरी १२.५ टक्के आणि ४ टक्के उपकर धरून कर वाचतो २४,०५० रुपये. बाकीचे खिशातूनच. २३ जुलै २०२४ आधी घेतलेल्या घराला इंडेक्सेशनसह (खरेदीची किंमत महागाईप्रमाणे वाढवून धरून) २० टक्क्यांचा पर्यायही आहे, तो सीएकडून तपासून घ्या.

दोन_टक्के
५६० गुणिले २२ म्हणजे १२,३२०. त्यात लाद्यांची मजुरी आणि कडेचं हातमशीन धरलंय का ते विचारा, बहुतेक नसेल.

गुण्या_ओळंबा
एक राहिलं. ओट्यासमोरच्याच लाद्या वाजतायत ना? सिंकच्या सांडपाण्याचा पाइप बघा. तो पाझरत असेल तर खालचा माल धुपून लाद्या पोकळ होतात. सांधे काळपट ओलसर दिसतात का? एक लादी काढा. खालचा माल दमट निघाला तर आधी प्लंबर, आणि खालच्यांच्या छताला डाग आहे का ते तुम्हीच जाऊन बघा. गिऱ्हाईकही तिथेच बेल वाजवून विचारतं.