मदत हवी आहे : क्वेस्टी टाकलं तरी नकाशावर काहीच दिसत नाही

सांजवेळ९
दुपारपासून डोकं खाल्लंय या प्रकाराने. क्वेस्टी, म्हणजे क्वेस्ट (गेममधली कामं) नकाशावर दाखवणारं अ‍ॅडऑन (गेमला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर), उतरवलं, झिप उघडली, अ‍ॅडऑन्सच्या फोल्डरमध्ये टाकलं, गेम चालू केला. नकाशावर एकही चिन्ह नाही. तीनदा काढून परत टाकून झालं. दुसरं म्हणजे माना (जादू टाकायची शक्ती) सारखा संपतो, दोन मॉब (गेममधले शत्रू) मारले की तो भरायला पाणी पीत बसायचं. हे असंच असतं का? नवशिक्याने आणखी कोणते अ‍ॅडऑन घ्यावेत तेही सांगा. लवकर सांगा प्लीज, आज रात्री खेळायचंय.

घाटमाथा
गेम कोणता ते लिहायचं राहिलंय.

सांजवेळ९
वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट. क्वेस्टी म्हटल्यावर कळेल असं वाटलं.

घाटमाथा
वॉवच्या कितीतरी आवृत्त्या एकाच वेळी चालू आहेत. रिटेल (आजचा गेम), क्लासिक इरा (मूळ जुना गेम), हार्डकोर (मेलं की संपलं), पुढच्या विस्तारांचं क्लासिक. क्वेस्टी फक्त क्लासिकसाठी आहे. रिटेलच्या नकाशावर क्वेस्टच्या खुणा मुळातच असतात. आवृत्ती कोणती? क्लास (पात्राचा प्रकार) कोणता? पातळी किती? अ‍ॅडऑनच्या यादीत क्वेस्टीचं नाव दिसतं का? ही यादी कॅरेक्टर निवडायच्या पडद्यावर, डावीकडे खालच्या बटणात असते.

कंदील
माझं मत, सुरुवातीला एकही अ‍ॅडऑन टाकू नका. क्वेस्टचा मजकूर वाचा. 'पूर्वेला तळ्याकाठी' असं त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं. क्लासिक त्यासाठीच बनलेलं आहे. बाण बघत पळालात तर एल्विनचं जंगल कधी दिसणारच नाही.

रात्रपाळी
कंदील, विचारलंय काय, तुम्ही सांगताय काय! दिवसाला तासभर मिळणाऱ्या माणसाने तो तास वेस्टफॉलमध्ये एक कोल्हा शोधण्यात घालवायचा का? क्वेस्टीने मजकूर पुसला जात नाही, वाचायचा तर वाचता येतोच.

कंदील
वाचता येतो, पण वाचला जात नाही. फरक तिथेच आहे.

सांजवेळ९
क्लासिक इरा. ह्यूमन प्रीस्ट, पातळी ९. यादीत नाव नाही.

कातळशिल्प
यादीत नावच नाही म्हणजे गेमला फोल्डर सापडलेलाच नाही. क्वेस्टीच्या सेटिंगमध्ये शिरायचं कारण नाही. नेहमीची कारणं दोन.

पहिलं, फोल्डरचं नाव. गिटहबवरून (कोड ठेवायची साइट) हिरव्या बटणाने झिप घेतली तर आतल्या फोल्डरच्या नावाला 'मास्टर' किंवा 'मेन' असं शेपूट लागतं. गेम फोल्डरच्या नावाचीच टॉक फाइल (.toc, अ‍ॅडऑनची ओळख सांगणारी) आत शोधतो. जुळली नाही की अ‍ॅडऑन त्याच्या लेखी नाहीच. चूक झाली असंही सांगत नाही, गप्प बसतो. झिप 'रिलीज'च्या पानावरूनच घ्या.

दुसरं, फोल्डरात फोल्डर. विंडोजमध्ये झिप उघडली की झिपच्या नावाचा एक जादा फोल्डर वर तयार होतो. अ‍ॅडऑन्स उघडल्यावर क्वेस्टी, आणि क्वेस्टी उघडल्याबरोबर टॉक फाइल दिसायला हवी. मध्ये आणखी एक क्वेस्टी लागला तर आतला उचलून बाहेर आणा.

हे करताना गेम पूर्ण बंद ठेवा. चालू गेममध्ये नवा फोल्डर टाकून स्लॅश रीलोड (/reload, अ‍ॅडऑन नव्याने लोड करायची आज्ञा) केल्यावर तो दिसेलच असं धरू नका. रीलोड हे आधीपासून लोड असलेल्या अ‍ॅडऑनसाठी.

पाचवामजला
प्रीस्ट सोडा, हंटर घ्या. दहाव्या पातळीला पाळीव प्राणी मिळतो, मार तो खातो, तुम्ही लांबून बाण मारायचे. नवशिक्याला याहून सोपा क्लास नाही.

घाटमाथा
ह्यूमनला क्लासिकमध्ये हंटर होता येत नाही. त्यासाठी ड्वार्फ किंवा नाइट एल्फ म्हणून पहिल्या पातळीपासून सुरू करावं लागेल. नऊ पातळ्या झाल्यात त्यांच्या, आणि प्रीस्ट काही वाईट नाही. पाचजणांच्या गटाला हीलर (बरं करणारा) कायम हवा असतो.

सांजवेळ९
नावाला शेपूट होतंच. काढलं. परत उघडलं, तरी यादीत नाही!!

कातळशिल्प
पूर्ण पत्ता लिहा. ड्राइव्हपासून शेवटच्या फोल्डरपर्यंत.

सांजवेळ९
डी ड्राइव्ह, वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट, रिटेल, इंटरफेस, अ‍ॅडऑन्स, क्वेस्टी.

कातळशिल्प
सापडलं. तुम्ही रिटेलच्या घरात सामान ठेवलंय आणि राहताय क्लासिक इराच्या घरात. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टच्या आत प्रत्येक आवृत्तीचा वेगळा फोल्डर असतो, नावाच्या दोन्ही बाजूंना अंडरस्कोर. तुम्हाला 'क्लासिक इरा' हवा. नुसता 'क्लासिक' लिहिलेला असेल तर तो पुढच्या विस्तारांचा, त्यात टाकू नका. क्लासिक इराच्या आत इंटरफेस किंवा अ‍ॅडऑन्स नसेल तर हातानेच बनवा, स्पेलिंग रिटेलमधल्यासारखंच ठेवा. आणि शेपूट कापलेली जुनी प्रत हलवू नका, रिलीजची नवीन झिप घ्या.

नाव दिसून लाल अक्षरात 'आउट ऑफ डेट' आलं, तर त्याच यादीत जुने अ‍ॅडऑन लोड करायची चौकट आहे, तिथे टिक करा.

रात्रपाळी
हे सगळं हाताने करण्यापेक्षा कर्सफोर्ज किंवा वॉवअपसारखा मॅनेजर घ्या. आवृत्ती निवडली की फोल्डर तोच बघतो, अपडेटही तोच करतो.

घाटमाथा
मॅनेजरमध्येही आवृत्ती चुकीची निवडली तर हेच होणार. कुठूनही घ्या, झिपमध्ये ईएक्सई फाइल दिसली तर तिथेच डिलीट करा. अ‍ॅडऑन म्हणजे लुआ, टॉक, एक्सएमएल, चित्रं, आवाज, फॉन्ट. चालवायची फाइल त्यात असायचं काही कारणच नाही. अकाउंट चोरीला जायची ही नेहमीची वाट आहे.

नाचणी
मानाचं कोणीच सांगितलं नाही, आणि खरी अडचण ती आहे. प्रीस्ट स्माइटवर स्माइट (माराचा स्पेल, म्हणजे मंत्र) मारत असेल तर पाणीच पीत बसणार. क्लासिकमध्ये पाच सेकंदांचा नियम आहे. मानाचा स्पेल टाकला की पुढचे पाच सेकंद स्पिरिटमधून (माना भरणारा पात्राचा गुण) माना भरत नाही. दर दोन-तीन सेकंदांनी स्पेल टाकलात तर लढाईभर भरणं बंदच. वाँडला (जादूची छडी) माना लागत नाही, म्हणून वाँड चालू असताना माना भरत राहतो.

वाँड नसेल तर आजच लिलावघरात 'लेसर मॅजिक वाँड' शोधा, पाचव्या पातळीपासून वापरता येते. एन्चांटर (वस्तूंवर जादू चढवणारा खेळाडू) ती एक सिंपल वुड आणि एक लेसर मॅजिक एसेन्स घालून बनवतो, म्हणजे सामान देऊन करूनही घेता येते. तेराव्या पातळीला 'ग्रेटर' घ्या.

क्रम असा : आधी स्वतःवर शील्ड, थोडं थांबून स्माइट, मग शॅडो वर्ड पेन (हळूहळू मार देणारा स्पेल), मग वाँड ती थेट मॉब पडेपर्यंत. शील्ड असेपर्यंत मार लागला तरी स्पेल मागे ढकलला जात नाही. मॉब तुमच्या पातळीचे किंवा एक-दोन खालचे घ्या. तीन वरचा घेतला की स्पेल चुकायला लागतात आणि माना फुकट जातो. होगर हा मॉब अकराव्या पातळीचा एलीट (गटाने मारायचा) आहे, एकट्याने त्याच्या वाटेला जाऊ नका.

दहाव्या पातळीपासून टॅलेंट पॉइंट (कौशल्यं वाढवायचे गुण) मिळतात. पहिले पाच शॅडो शाखेतल्या स्पिरिट टॅपमध्ये. एक्सपी (अनुभवाचे गुण) देणारा मॉब मारला की १५ सेकंद स्पिरिट दुप्पट.

रात्रपाळी
पहिले पाच वाँड स्पेशलायझेशनमध्ये घाला. वाँडचा मार २५ टक्के वाढतो, मॉब लवकर पडतो, शील्ड एकदाच लागते.

नाचणी
दहाव्या पातळीला हातातली वाँडच मुळात कमजोर असते, तिच्यावर २५ टक्के म्हणजे किती? स्पिरिट टॅप लागोपाठ मॉब घेणाऱ्याचं पाणी पिणंच कमी करतो. वाँड स्पेशलायझेशन १५ ते १९ मध्ये घ्या.

कंदील
स्किनिंगपण शिका, म्हणजे मारलेल्या प्राण्यांचं चामडं काढणं. चामडं विकून चाळिसाव्या पातळीच्या घोड्याचे पैसे जमतात, शिकण्यासकट १०० गोल्डच्या आसपास लागतात.

घाटमाथा
प्रीस्टने त्याच्या आधी फर्स्ट एड घ्यावं असं मी म्हणेन. एका लिनन कापडाची एक पट्टी, ६ सेकंदांत ६६ हेल्थ, माना शून्य. एकदा बांधली की मिनिटभर दुसरी बांधता येत नाही.

अ‍ॅडऑनचं म्हणाल तर क्वेस्टीबरोबर तीन पुरेत. 'व्हॉट्स ट्रेनिंग' कोणत्या पातळीला कोणता स्पेल, केवढ्याला, हे दाखवतं. नको ते स्पेल विकत घेऊन चांदी संपत नाही. 'लेट्रिक्स प्लस' राखाडी वस्तू आपोआप विकतं, दुरुस्तीही करतं. 'बॅगनॉन' सगळ्या बॅगा एका खिडकीत आणतं. लिलावघरात रमलात की 'ऑक्शनेटर' घ्या, पण लक्षात ठेवा, अ‍ॅडऑनची माहिती लॉगआउट किंवा रीलोड करतानाच डिस्कवर उतरते. भाव स्कॅन केल्यावर गेम क्रॅश झाला तर स्कॅन गेलं. स्कॅन संपलं की लगेच एकदा रीलोड करायची सवय लावा.

पाचवामजला
सर्व्हर कोणता घेतलाय? भारतात सर्व्हर नाही. युरोपचा घेतला तर तिथे रात्रीचे आठ म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यात साडेबारा, उन्हाळ्यात साडेअकरा. सिडनीचे आठ म्हणजे आपली दुपार. नोकरी करणाऱ्याला रेडसाठी (मोठ्या गटाने ठरवून केलेली लढाई) युरोप जरा तरी जमतो.

सांजवेळ९
आलं!!! गोल्डशायरभर पिवळी उद्गारचिन्हं (क्वेस्टच्या खुणा). फोल्डरच चुकला होता, कातळशिल्प, मनापासून आभार. नाचणी, वाँड घेतली, सहा कोबोल्ड मारले, अजून पाणी प्यावं लागलेलं नाही. एकच : नॉर्थशायरला (सुरुवातीच्या ठिकाणी) सोडलेल्या दोन क्वेस्ट दिसत नाहीत. परत बिघडलं का?

कातळशिल्प
नाही. खूप खालच्या पातळीच्या क्वेस्ट ते मुद्दाम लपवतं. मिनीमॅपच्या कडेच्या क्वेस्टीच्या चिन्हावरून सेटिंग उघडा, तिथे त्या दाखवायचा पर्याय आहे. पण आता त्यांच्या मागे जाऊ नका. नवव्या पातळीला चौथ्या पातळीपर्यंतचे मॉब राखाडी होतात, एक्सपी शून्य. क्वेस्टही पाचपेक्षा जास्त पातळ्या मागे पडली की तिचा एक्सपी घटत जातो. गोल्डशायरच्या सरायीत, वरच्या मजल्यावर, प्रीस्टची ट्रेनर जोसेटा आहे. दहावी पातळी झाली की आधी तिच्याकडे जा, माइंड ब्लास्ट तिथे मिळेल. आणि लॉगआउट सरायीतच करा. दर आठ तासांना पातळीच्या ५ टक्के रेस्टेड एक्सपी साठतो, तो असेपर्यंत मॉबचा एक्सपी दुप्पट.

घाटमाथा
धाग्याच्या शीर्षकात 'क्लासिक इरा' घालता का? पुढे कोणी शोधलं तर सापडेल.