घराण्याचा धंदा टिकवायचा तर मालकी पोरांना द्यायचीच नाही?

चिंतोपंत:
कोपनहेगनच्या जेकबसनने 1847 ला ब्रुअरी, म्हणजे बिअरचा कारखाना, काढली आणि पाच वर्षांच्या पोराचं नाव दिलं, कार्ल म्हणून कार्ल्सबर्ग. पुढे त्याच पोराशी इतकं फाटलं की मृत्युपत्रात ब्रुअरी त्याला न देता स्वतःच 1876 ला काढलेल्या फाउंडेशनला, म्हणजे आपल्या ट्रस्टसारख्या संस्थेला, देऊन टाकली. कंपनीचा ताबा आजही फाउंडेशनकडेच आहे. आपल्याकडे बघा, किर्लोस्करांसारखं नाव, तेही 2009 च्या कौटुंबिक करारावरून भाऊ भाऊ कोर्टात. मालकी फाउंडेशनची असली की शेअर वाटायला वारसच नाहीत, मग वाटण्या कसल्या?

शिरोलीचा फाउंड्रीवाला:
म्हणजे पोराने वीस वर्षं भट्टीपुढे काढायची आणि मालक कोण तर ट्रस्ट 😀 तो हिंजवडीला जाईल की नोकरी बघायला! आमचे वडील आणि काका वेगळे झाले तेव्हा मशिनीच काय ऑफिसातली कपाटंपण वाटली, दोनतीन वर्षं दोघंही तोट्यात, पण आज एकाचे दोन कारखाने आहेत. वाटणी झाली म्हणजे धंदा मेला असं नसतंय.

अर्धवट सीए:
टाटा ट्रस्टांकडे टाटा सन्सचे, म्हणजे टाटा समूहाच्या मुख्य कंपनीचे, साधारण 66 टक्के शेअर आहेत, पण ते जुन्या काळचं. आज नवा धर्मादाय ट्रस्ट काढून त्यात घरच्या कंपनीचे शेअर टाकले तर ट्रस्टची करमाफी धोक्यात, 1 जून 1973 ला जे आधीच कॉर्पसमध्ये, म्हणजे ट्रस्टच्या कायमच्या मूळ निधीत, होतं त्याला सूट. त्यामुळे पंत, कल्पना छान पण इथे करणार कोण?

चिंतोपंत:
मग कायदा बदला म्हणा, कल्पना कशी वाईट?

गप्पिष्ट ताई:
कल्पनेतच खोट आहे हो. नोवो नॉर्डिस्क या डॅनिश औषध कंपनीच्या फाउंडेशनकडे भांडवल 28 टक्के आणि मतं 77 टक्के, 2025 मध्ये बोर्डाशी पटलं नाही तर अध्यक्षासकट निम्म्याहून जास्त बोर्ड घरी. बरोबर की चूक ते सोडा, पण उद्या फाउंडेशनवालेच चुकले तर त्यांना घरी कोण पाठवणार? 2016 ला टाटा सन्सच्या अध्यक्षपदावरून सायरस मिस्त्रींना काढलं तेव्हा काय भांडण झालं नाही का, 2021 पर्यंत सुप्रीम कोर्टात चाललं. भाऊबंदकी गेली आणि ट्रस्टीबंदकी आली, एवढाच फरक.

चिंतोपंत:
भांडण झालं पण कंपनीचे तुकडे झाले का? आणि तो कार्ल, ज्याला बापाने डावललं, त्याने स्वतःची ब्रुअरीपण 1902 ला त्याच फाउंडेशनला दिली. बोला आता.

शिरोलीचा फाउंड्रीवाला:
दिली, पण आधी वीस वर्षं मालक म्हणून चालवली ना स्वतः? स्वतःची होती म्हणून देता आली पंत.