टी.वाय. केमिस्ट्रीनंतर पर्यावरण विज्ञान घ्यावं का? घरी कसं सांगू?

वाशिष्ठीकाठची

नमस्कार. मी चिपळूणची. टी.वाय. बी.एस्सी.ला आहे, केमिस्ट्री घेऊन. घरी ठरल्यासारखंच आहे की एम.एस्सी. ऑरगॅनिकला करायचं आणि लोट्याच्या एमआयडीसीत एखाद्या कंपनीत क्यूसीला, म्हणजे माल तपासायच्या लॅबला, लागायचं. आमच्या वाडीतल्या तिघीजणी तिथे आहेत. पगार वेळेवर होतो, संध्याकाळी घरी येतात. बाबांचं म्हणणं चूक आहे असं मला अजिबात वाटत नाही.

पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. 22 जुलै 2021, वाशिष्ठी नदीचा पूर. परीक्षा न होताच आमचा दहावीचा निकाल लागला, त्याला सहा दिवस झाले होते. पहाटे बाबा दुकानातला माल वरच्या फळ्यांवर चढवत होते, आणि बघता बघता फळ्याही पाण्याखाली गेल्या. पाणी उतरल्यावर आत गुडघाभर चिखल होता, त्याला सांडलेल्या तेलाचा आणि आंबलेल्या तांदळाचा वास. अजूनही जोराचा पाऊस लागला की आई रात्री उठून नदीकडच्या खिडकीत उभी राहते.

नंतरचे कित्येक महिने आमच्या आळीत दुसरा विषय नव्हता. कोणी म्हणे कोयनेच्या वीजघरातून सोडलेलं पाणी, कोणी म्हणे नदी गाळाने भरली, कोणी म्हणे वरचे डोंगर बोडके केले म्हणून. गाळ काढा म्हणून साखळी उपोषण झालं, त्यात बाबाही एक दिवस बसले. पूररेषेचे नकाशे आले, तेव्हा आमचं दुकान निळ्या रेषेच्या, म्हणजे पूर वरचेवर येऊ शकतो त्या हद्दीच्या, आत निघालं. सगळे खात्रीने बोलायचे, पण कशामुळे किती पाणी वाढलं हे आळीत कोणालाच सांगता येत नव्हतं. मला ते मोजता यायला हवं असं तेव्हापासून वाटतंय.

म्हणून विचारते. पर्यावरण विज्ञानात एम.एस्सी. केल्यावर रोजचं काम नेमकं काय असतं? मामा म्हणतो, झाडं लावायच्या नोकरीला एम.एस्सी. कशाला. त्याला काय उत्तर देऊ?

आघारकर रोड

वाशिष्ठीकाठची, मी याच विषयात एम.एस्सी. केली. गेली 13 वर्षं पुण्यात एका सल्लागार कंपनीत पर्यावरणीय परिणामांचे अहवाल करते. तुला ताईसारखं सांगते, थोडं लांबेल.

खाण, कारखाना, मोठा रस्ता यायचा असेल तर केंद्र सरकारच्या सप्टेंबर 2006च्या अधिसूचनेखाली आधी अभ्यास करावा लागतो. प्रकल्पाभोवती साधारण 10 किलोमीटरचा घेर घ्यायचा आणि तिथली हवा, पाणी, माती, आवाज, झाडं-प्राणी, माणसं, सगळ्याची नोंद करायची. माझी पहिली दोन वर्षं हवेचे नमुने घेण्यात गेली. ग्रामपंचायतीच्या नाहीतर शाळेच्या गच्चीवर यंत्र लावायचं, आठवड्यातून दोन दिवस, एकेका वेळी 24 तास, असे 12 आठवडे. मध्येच वीज गेली की तो दिवस वाया, पुन्हा जायचं. यंत्रातला धूळ धरणारा फिल्टर कागद आधी आणि नंतर तोलायचा, त्यातल्या काही मिलिग्रॅमच्या फरकावर पुढचं सगळं उभं. सुरुवातीला पगार महिना 9 हजार होता आणि मी कर्वेनगरला तिघींत एक खोली घेऊन राहत होते. आज बरं चाललंय, पण पहिली पाच वर्षं तुझ्या लोट्याच्या मैत्रिणी तुझ्यापेक्षा जास्त कमावतील. बाबांपासून हे लपवू नकोस.

आता मला हे काम का सोडवत नाही ते. एका जनसुनावणीत एक आजोबा उभे राहिले आणि म्हणाले, "तुमच्या नकाशात आमची विहीर कुठं हाय?" नव्हती. आम्ही घेतलेल्या विहिरी रस्त्यालगतच्या होत्या, गाडी जाईल तिथल्या. त्यांची विहीर ओढ्यापलीकडे, खाणीच्या उताराला. अहवालाचा मराठी सारांश मीच लिहिला होता, आणि तो त्यांनी नातवाकडून ओळ न ओळ वाचून घेतला होता. दुसऱ्या दिवशी मी ओढा ओलांडून गेले, त्या विहिरीचं पाणी घेतलं, आणि अंतिम अहवालात ती विहीर आली. नियमाने लोकांचे आक्षेप आणि त्यावरची उत्तरं अहवालात यावीच लागतात. पण ते उत्तर खरं असेल की नुसतं कागदावरचं, हे लिहिणाऱ्यावर असतं.

आणखी एक, हे जरा लागेल कदाचित. तुला जे कळायला हवंय, म्हणजे किती पावसाला किती पाणी चढतं, गाळाने पात्राची क्षमता किती घटते, ते मुख्यतः जलविज्ञान आहे. एम.एस्सी. पर्यावरणात त्याचा एखादाच पेपर असतो. आमच्या विषयाची हीच अडचण: सगळ्यातलं थोडं थोडं. बरीच मुलं दोन वर्षांनी बाहेर पडतात तेव्हा हातात एकही पक्कं हत्यार नसतं. तुझ्याकडे केमिस्ट्री आहे, ती सोडू नकोस. त्यावर जीआयएस, म्हणजे संगणकावरचं नकाशांचं काम, आणि नदीचं गणित शीक. विद्यापीठ निवडताना विभागाची इमारत बघू नकोस, फील्डवर किती दिवस नेतात ते विचार.

बाटलीवाला, रायगड

मी 9 वर्षं एमआयडीसीतल्या ईटीपीवर, म्हणजे कारखान्याचं सांडपाणी साफ करायच्या प्लँटवर, आहे. माझंही बी.एस्सी. केमिस्ट्रीच. ताईंनी लिहिलंय ते बरोबर, पण कारखान्यातलं पर्यावरणाचं काम वेगळं असतं, तेही ऐक.

सकाळी आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या सांडपाण्याचा सामू (पीएच) बघायचा. मग सीओडी, म्हणजे पाण्यातली घाण रसायनाने जाळायला किती ऑक्सिजन लागतो ते: डायक्रोमेटबरोबर दोन तास उकळायचं आणि टायट्रेशन, निळसर हिरवा रंग एकदम विटकरी होतो तो थेंब चुकवायचा नाही. बीओडी म्हणजे ती घाण खाताना जंतूंना लागणारा ऑक्सिजन, त्याच्या बाटल्या 27 अंशांवर तीन दिवस. नदीनाल्यात सोडायच्या पाण्याला बीओडी 30 आणि सीओडी 250 ही लिटरमागे मिलिग्रॅममधली सर्वसाधारण मर्यादा. टाकीत सांडपाणी साफ करणारे आमचे जंतू थंडीत मंदावतात, उत्पादनाने न सांगता बॅच बदलली तर मरतातही. मग रात्री दोनला फोन येतो. जूनअखेर घातक कचऱ्याचं विवरण, सप्टेंबरअखेर पर्यावरण विवरण, शिवाय ऑनलाइन मीटर सतत चालू.

सांगायचं ते हे. आधीच्या एका ठिकाणी मला सीओडीचा 310 चा आकडा 240 लिहायला सांगितलं. मी लिहिला नाही. तीन महिन्यांत नोकरी सोडावी लागली, घरी बाळ चार महिन्यांचं. पाच महिने दुसरीकडे मिळाली नाही. आता आहे तिथे वरिष्ठ चांगले आहेत, टाकी बिघडली की आधी उत्पादन थांबवतात. असेही लोक आहेत, पण ती वेळ तुझ्यावर येणार हे धरून चाल. आणि मामांना सांग, 9 वर्षांत मी एक झाड लावलं नाही, पण आमच्या नाल्याचं पाणी रोज मोजलं.

तासिकावाले सर

मी कॉलेजात शिकवतो. मुलांना हमखास माहीत नसलेली एक गोष्ट: भारतीय वन सेवेच्या पात्रतेत रसायन, वनस्पती, प्राणी, भूशास्त्र हे विषय आहेत, पदवीचा विषय फक्त पर्यावरण विज्ञान असेल तर अडतं. तुमची केमिस्ट्रीची पदवी तिथे चालते. यूजीसी नेटला, म्हणजे प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षेला, पर्यावरण विज्ञान स्वतंत्र विषय आहे. पण प्राध्यापकीच्या भरवशावर येऊ नका. मी नेट आहे, आणि सात वर्षं तासिका तत्त्वावर.

वाशिष्ठीकाठची

सगळ्यांची खूप आभारी आहे. काल रात्री आईबाबांना बसवून तिन्ही उत्तरं मोठ्याने वाचून दाखवली. 9 हजार ऐकून आई गप्प झाली. दादा, तुमचं 310 चं वाचल्यावर बाबांनी ते पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाले, गाळासाठी बसलो तेव्हा असं लिहून देणारा कोणी हवा होता.

अजून हो म्हणाले नाहीत. लोट्यात वर्षभर काम करून पैसे साठवायचे आणि मग प्रवेश घ्यायचा, असंही निघालंय. तोवर मी टी.वाय.च्या प्रोजेक्टला वाशिष्ठीचं पाणी घेणार आहे: कोयनेच्या वीजघरांचं पाणी नदीला येऊन मिळतं त्याच्या खाली, बाजारपुलाजवळ आणि खाली गोवळकोटला. ताई, गोवळकोटहून कॉलेजात यायला रिक्षा मिळेपर्यंत तास जातो. तेवढ्यात बीओडीचा नमुना खराब होईल का?

आघारकर रोड

बर्फ घातलेल्या डब्यात ठेव, चार अंशांच्या आसपास राहिला पाहिजे, आणि त्याच दिवशी लाव. बाटली काठोकाठ भर, आत बुडबुडा नको. विरघळलेला ऑक्सिजन बघणार असशील तर मँगनस सल्फेट आणि अल्कलाइन आयोडाइड तिथेच नदीवर घाल, कॉलेजात येईपर्यंत थांबू नकोस. गोवळकोटला खाडीची भरती चढते, तेव्हा नमुना ओहोटीचा की भरतीचा ते बाटलीवर वेळेसकट लिही. आणि काठावर एकटी जाऊ नकोस, बाबांना बरोबर ने.