लोड १८, पण सीपीयू रिकामाच. अडतंय कुठे?

प्रश्न: ८ कोरचा लिनक्स सर्व्हर. 'अपटाइम' लोड १८ दाखवतो, 'टॉप'मध्ये मात्र सीपीयू ७० टक्के आयडल. खरं कोणाचं धरायचं?

उत्तर १: दोघांचंही. लिनक्सच्या लोडमध्ये सीपीयूच्या रांगेतल्या प्रोसेसबरोबर 'डी' स्टेटमधल्या, म्हणजे बहुधा डिस्कची वाट बघत अडकलेल्याही मोजतात. 'व्हीएमस्टॅट १' चालवा, ते दर सेकंदाला आकडे दाखवतं. पहिली ओळ सोडून द्या, ती मशीन सुरू झाल्यापासूनची सरासरी असते (इथेच बरेच जण फसतात). 'आर' (सीपीयूच्या रांगेतल्या प्रोसेस) ८ च्या आत आणि 'बी' (अडकलेल्या) दहा-बारा असेल तर सीपीयूचा दोष नाही. 'एसआय', 'एसओ' (स्वॅपमधून, म्हणजे रॅमऐवजी वापरायच्या डिस्कवरच्या जागेतून, आत-बाहेर होणारा डेटा) सतत शून्याच्या वर राहिले तर रॅम अपुरी पडतेय, स्वॅपच डिस्कला दमवतोय.

उत्तर २: स्वॅप शांत असेल तर 'आयओस्टॅट -एक्सझेड १' चालवा, ते डिस्कचे आकडे देतं. 'आर अवेट' आणि 'डब्ल्यू अवेट' (रीड आणि राइटला लागणारा सरासरी वेळ) मिलिसेकंदात असतात. एसएसडीवर ते ३०-४० ला चिकटून बसले की रांग लागलीच समजा. 'युटिल' १०० दिसलं म्हणून घाबरू नका. एनव्हीएमई (वेगवान प्रकारची एसएसडी) एका वेळी अनेक रिक्वेस्ट घेते, त्यामुळे तो आकडा डिस्क किती वेळ रिकामी नव्हती एवढंच सांगतो. कोणती प्रोसेस ते 'पिडस्टॅट -डी १' सांगेल. सुडो लावा, नाहीतर इतर युजरच्या प्रोसेससमोर -१ येतं.

प्रश्नकर्ता: 'बी' ११, स्वॅप शून्य, पण आयओस्टॅटमध्ये सगळं निवांत!

उत्तर १: मग एनएफएस माउंट (नेटवर्कवरून जोडलेलं दुसऱ्या सर्व्हरवरचं फोल्डर) तपासा. ते लोकल डिस्कच्या आकड्यांत येतच नाही. 'पीएस -ईओ पिड,स्टॅट,डब्ल्यूचॅन:३०,कॉम' मध्ये 'डी'वाल्या ओळी बघा; 'डब्ल्यूचॅन'मध्ये प्रोसेस कर्नलच्या कोणत्या फंक्शनमध्ये अडकलीय ते दिसतं. एनएफएस किंवा आरपीसीची (एनएफएस ज्यावर चालतं त्या नेटवर्क कॉलची) फंक्शन्स दिसली की पलीकडचा सर्व्हर किंवा नेटवर्क अडलंय.