अनुभव धागा : कागदावरचा शब्द आणि घरातले लेकरू

लातूर, वडील (धाग्याचे निमंत्रक)

माझ्या मुलाच्या फाईलमध्ये तीन कागद आहेत आणि त्याचे नाव व जन्मतारीख सोडली तर त्या तिन्हींवर काहीच जुळत नाही. २००९ मध्ये ‘पीडीडी-एनओएस’ असे लिहिले गेले, ज्याचा अर्थ डॉक्टरांनी ‘विकासाचा व्यापक दोष आहे, पण ठरलेल्या कोणत्याही प्रकारात तो पूर्ण बसत नाही’ असा सांगितला. २०११ च्या अपंगत्वाच्या दाखल्यावर ‘मतिमंद’ आले, कारण अपंगांसाठीच्या १९९५ च्या कायद्यातील सात प्रकारांत स्वमग्नता (ऑटिझम) नव्हतीच आणि टेबलामागच्या माणसाला कोणत्या तरी एका चौकटीत खूण करणे भाग होते. २०१६ च्या नव्या कायद्याने प्रकार २१ केले, त्यांत स्वमग्नता आली आणि २०१९ मध्ये आम्हाला ‘ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर’ असा तिसरा कागद मिळाला. या तिन्ही वेळा मुलगा तोच होता आणि तिन्ही खोल्यांत तो छताच्या पंख्याकडेच पाहत होता.

आपल्या कागदावर कोणता शब्द आला आणि त्याने घरात काय बदलले, एवढेच येथे लिहावे. आहार, औषधे आणि देवऋषी यांच्यासाठी वेगळा धागा काढू. तो बराच लांबेल.

अंबाजोगाई, आई

२०११ मध्ये, मुलगा नऊ वर्षांचा असताना, त्याला ‘ॲस्परगर सिंड्रोम’, म्हणजे बोलणे आणि बुद्धी शाबूत असलेला, तेव्हा वेगळा धरला जाणारा स्वमग्नतेचा प्रकार, असल्याचे सांगण्यात आले. खरे सांगायचे तर मला तो शब्द मिरवावासा वाटला. ‘ऑटिझम नाही हो वन्सं, ॲस्परगर आहे,’ असे मी नणंदेला फोनवर सांगितले होते, आणि आपले मूल ‘तसल्या’ मुलांतून बाहेर काढण्याची जी घाई त्या वाक्यात होती, तिची मला आज लाज वाटते. मे २०१३ मध्ये अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या वर्गीकरणाची पाचवी आवृत्ती आली आणि तिने ॲस्परगर, पीडीडी-एनओएस वगैरे सगळे प्रकार एकाच नावाखाली घेऊन आधाराच्या गरजेनुसार तीन स्तर ठरवले. जागतिक आरोग्य संघटनेच्या जुन्या यादीत मात्र ॲस्परगर स्वतंत्र होते आणि तिची अकरावी आवृत्ती जानेवारी २०२२ मध्ये लागू होईपर्यंत ते तसेच राहिले. म्हणजे सुमारे नऊ वर्षे माझ्या मुलाचे नाव एका पुस्तकात होते आणि दुसऱ्यात नव्हते.

त्यानंतर २०१८ मध्ये व्हिएन्नातील इतिहासकार हेर्विग चेख यांचे संशोधन प्रसिद्ध झाले. ज्यांच्यावरून हे नाव पडले त्या डॉक्टर ॲस्परगर यांनी नाझी राजवटीत काही मुलांना ज्या संस्थेत पाठवले, तेथे अपंग मुलांना मारले जात होते, असे त्यात कागदपत्रांनिशी मांडले आहे. मुलाने हे स्वतः वाचले आणि दोन दिवस तो जेवणाच्या ताटावर बोलला नाही. मग म्हणाला, ‘आई, त्या माणसाचं नाव मला नको. पण त्या नावामुळे जे मित्र मिळाले ते माझेच आहेत ना?’ आता तो स्वतःला सरळ ‘ऑटिस्टिक’ म्हणवतो. माझ्या तोंडी अजूनही जुनाच शब्द येतो आणि तो शांतपणे दुरुस्त करतो.

परभणी, आजोबा, निवृत्त शिक्षक

मला ‘स्वमग्न’ या मराठी शब्दाबद्दलच शंका आहे. मग्न कोण होतो? कीर्तनात माणूस मग्न होतो, वाचनात होतो. मग्न होणे हे सुखाचे लक्षण आहे. माझी नात मोंढ्यात ट्रकचा हॉर्न वाजला की दोन्ही कान दाबून जमिनीवर बसते, कारण बाहेरचे जग तिच्यात नको तेवढे शिरते. ‘स्वतःत रमलेली’ हे वर्णन तिला लागू पडत नाही. पर्याय मात्र मला सुचलेला नाही.

छत्रपती संभाजीनगर, विशेष शिक्षिका

पालकांचा सर्वात मोठा गोंधळ स्तर आणि टक्के यांच्यात होतो, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. अहवालावरील ‘स्तर १, २, ३’ मुलाला किती आधार लागेल हे सांगतात, आणि ते संवादासाठी वेगळे व ठरावीक वागण्यासाठी वेगळे असू शकतात. आपल्याकडचा दाखला मात्र ‘इसा’ या भारतीय मोजपट्टीवर मिळतो. तिच्यात ४० बाबी असतात, प्रत्येकीला १ ते ५ गुण असतात आणि ७० च्या खाली बेरीज आली तर स्वमग्नता धरली जात नाही. ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम आणि त्यापुढे तीव्र. हे गुण टक्के नव्हेत. त्यांवरून अपंगत्वाचे टक्के काढले जातात आणि ४० टक्क्यांपासून बहुतेक सवलती सुरू होतात.

‘मॅडम, सौम्यच लिहा, पुढे लग्नाचं बघावं लागंल,’ असे सांगणारे वडील आणि ‘तीव्र लिहा, म्हणजे काही तरी मिळंल,’ असे सांगणारे वडील मला एकाच आठवड्यात भेटले आहेत. मला दोघांचाही राग आला नाही.

नांदेड, बँक कर्मचारी, वय ३६

माझ्या वाट्याला आधी मराठी शब्द आले : घुमी, शिष्ट, एककल्ली. मामाच्या लग्नात वरातीच्या बँडसमोरून मी पळून गेले, तेव्हापासून ‘तिरसट’ हेही जोडले गेले. मुलीच्या तपासणीसाठी आम्ही हैदराबादला गेलो असता तिच्याबद्दलच्या प्रश्नांची उत्तरे मी माझ्या आठवणींतून देत आहे, हे समोरच्या बाईंच्या आधी माझ्या लक्षात आले. वयाच्या ३४ व्या वर्षी मलाही ‘स्तर १’ सांगण्यात आला.

दाखल्याच्या मोजपट्टीवर माझे गुण ७० पर्यंत पोहोचले नाहीत, म्हणजे एका कागदाप्रमाणे मी आहे आणि दुसऱ्याप्रमाणे नाही. मला दाखला नकोच होता. ग्राहकांच्या डोळ्यांत किती वेळ पाहायचे हे मनात मोजत मी बारा वर्षे काउंटर सांभाळला आणि रोज घरी आल्यावर अंधाऱ्या खोलीत तासभर पडून राहिले, या थकव्याला आळस न म्हणता येईल असा शब्द मला हवा होता. नवऱ्याला सांगितले आहे, सासूबाईंना नाही. त्यांच्या लेखी मी घुमीच बरी आहे.

बीड जिल्हा, अंगणवाडी सेविका

माझ्या यादीतील एका लेकराच्या कागदावर शब्दच नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते, पण त्याचे आई-वडील कोयता घेऊन दिवाळीच्या सुमारास कारखान्याकडे जातात ते उन्हाळ्याच्या तोंडी परततात, त्यामुळे एक फेरी हमखास चुकते. दुसऱ्या फेरीत ‘संशयित, जिल्हा रुग्णालयात दाखवावे’ अशी चिठ्ठी मिळते. तेथे एकदा जाऊन भागत नाही, आणि उचल घेतलेल्या घराला पुन्हा पुन्हा मजुरी बुडवणे परवडत नाही. अशा तीन चिठ्ठ्या मी जपून ठेवल्या आहेत. त्याची आई म्हणते, ‘बाई, फडात पाचटावर बसवलं की गपगार बसतंय, कुणाला तरास न्हाई.’ लेकरू पाच वर्षांचे झाले आहे आणि पुढच्या वर्षी ते माझ्या यादीतून जाईल.

धाराशिव, बहीण, वय २२

ऑटिझम हा आजार नसून वेगळेपण आहे, असे हल्ली पुष्कळ वाचायला मिळते आणि वरच्या नांदेडच्या ताईंच्या बाबतीत मला ते पटतेही. माझा भाऊ १९ वर्षांचा आहे, बोलत नाही, आंघोळ एकट्याने करू शकत नाही आणि त्याच्या अहवालावर ‘स्तर ३, बौद्धिक अक्षमतेसह’ असे आहे. सगळ्यांना एकाच शब्दात घेतल्यापासून लोक मला विचारतात की त्याला गणित चांगले येते का.

त्याला १८ पूर्ण झाल्यावर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याप्रमाणे बाबांना कायदेशीर पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागला, आणि निरामय योजनेचा एक लाखापर्यंतचा आरोग्य विमाही त्याच कायद्यातून मिळाला. तेथे आम्हाला जड शब्दच उपयोगी पडला. अर्जात ‘पालकाच्या पश्चात कोण’ असे कोठेही विचारलेले नव्हते, तरी बाबांनी समासात माझे नाव लिहिले आणि घरी येईपर्यंत मला सांगितले नाही.