शब्दचर्चा: 'संप्रेरक पुनर्भरण' म्हणावं का?

विचारणा: रुग्णांसाठीच्या माहितीपत्रकात 'एचआरटी'ला, म्हणजे रजोनिवृत्तीच्या (पाळी कायमची थांबण्याच्या) काळातल्या 'हार्मोन रिप्लेसमेंट थेरपी'ला, 'संप्रेरक पुनर्भरण' हा शब्द चालेल का? 'रजोनिवृत्ती'तली 'ती' दीर्घच ना?

प्रतिसाद १: 'संप्रेरक' चांगला रुळलाय. 'हार्मोन'च्या ग्रीक मुळाचा अर्थही चालना देणं असाच आहे. 'पुनर्भरण' मात्र नको. तो विहिरीचा शब्द, पाणी आटलं की पुन्हा भरायचं. वाचणारीला वाटेल, इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक पुन्हा भरलं की हृदयालाही पूर्वीचं संरक्षण मिळालं. हा उपचार अंगातून येणाऱ्या गरम वाफा, रात्रीचा घाम यांसाठी आहे. हृदयविकार टाळायला तो देत नाहीत. इंग्रजीतही 'रिप्लेसमेंट' मागे पडून 'मेनोपॉजल हार्मोन थेरपी' आलं. म्हणून 'रजोनिवृत्तिकालीन संप्रेरकोपचार' लिहा. सुटा शब्द 'रजोनिवृत्ती', समासात पुढे शब्द आला की 'त्ति' ऱ्हस्व. 'रजनिवृत्ती' चूकच.

प्रतिसाद २: बोलीतलं 'पाळी गेली' जपून वापरा. पाळी अनियमित झाली तरी बायका तेच म्हणतात. रजोनिवृत्ती ठरते सलग १२ महिने पाळी न आल्यावर, आणि वर्षं मोजायची ती शेवटच्या पाळीपासून. साठीच्या आत किंवा रजोनिवृत्तीपासून १० वर्षांच्या आत उपचार सुरू केला, तर निरोगी स्त्रीत फायद्याचं पारडं सहसा जड असतं. त्यानंतर सुरू केला, तर हृदयविकार, पक्षाघात आणि रक्ताच्या गुठळ्या यांची जोखीम वाढते. १२ महिन्यांनंतर रक्त दिसलं तर 'पाळी परत आली' म्हणू नये. तो रक्तस्राव आहे, तपासायलाच हवा.

प्रतिसाद ३: 'धोका २९ टक्क्यांनी वाढतो' हे वाक्यही टाळा. अमेरिकेतल्या 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या अभ्यासाच्या २००२ च्या अहवालातला हा हृदयविकाराचा आकडा. वर्षाला १०,००० स्त्रियांमागे हृदयविकाराच्या घटना हा उपचार न घेणाऱ्यांत ३० होत्या, घेणाऱ्यांत ३७, म्हणजे ७ जास्त. सहभागी स्त्रियांचं सरासरी वय ६३ होतं, हेही सांगायला हवं. इथे 'जोखीम' म्हणा आणि आकडा दहा हजारांमागे द्या. 'धोका' वाचून माणूस घाबरतो, मोजत नाही.

प्रतिसाद ४: सगळ्यात घातक शब्द 'हार्मोनच्या गोळ्या'. थायरॉइडची, गर्भनिरोधक, सणासाठी पाळी पुढे ढकलायची, सगळ्यांना हेच नाव. हृदयाच्या डॉक्टरांना त्यावरून काहीच कळत नाही. पत्रकात औषधाचं नाव, मिलिग्रॅम, आणि गोळी, पट्टी की जेल, यासाठी जागा ठेवा. पोटातून घेतलेलं इस्ट्रोजेन आधी यकृतात जातं आणि तिथे रक्त गोठवणारे घटक वाढवतं. त्वचेवरच्या पट्टीत हा टप्पा टळतो, म्हणून गुठळीची जोखीम कमी. गर्भाशय असेल तर सोबत प्रोजेस्टेरॉनसारखं औषध लागतंच, नाहीतर गर्भाशयाचं अस्तर जाड होऊन कर्करोगाची जोखीम वाढते. या दोन औषधांना 'जोडगोळी' म्हणू नका, दोन वेगळ्या गोळ्यांतली एक सोडून दिली जाते. 'दोन्ही औषधं बरोबरच' असं सरळ लिहा.